सही खरी, शिक्का खरा, जमीन सरकारची

ज्या कागदावर आमच्या घरातले पैसे गेले तो बनावट नव्हता. गावप्रमुखाची सही खरी, चामातच्या, म्हणजे तालुका अधिकाऱ्याच्या, कचेरीचा शिक्का खरा, दहा हजार रुपियाचं मातेराई, म्हणजे मुद्रांक तिकीटही असलीच. इंडोनेशियात रिआउ प्रांतात तेलताडाची, म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडी सावितची, बाग घ्यायचा विचार कोणी करत असेल तर पुढचं वाचा. इथल्या तेल गिरण्यांत नोकरीला असलेले आपले इंजिनिअर असा विचार करतात. दोघांनी माझ्याकडे चौकशीही केली आहे, म्हणून लिहायला बसले.

माझं सासर जावाचं, पण गाव रिआउमधलं. सासू-सासरे स्थलांतर योजनेत मध्य जावातून इकडे आले. १९८६ पासून सरकारने 'पिर-ट्रान्स' नावाने ही वसाहत चालवली. मधोमध कंपनीचा मळा आणि गिरणी, भोवती जावाहून आणलेली कुटुंबं. दर कुटुंबाला दोन हेक्टर सावित आणि घर-परसासाठी अर्धा हेक्टर. जमिनीचं सर्टिफिकेट लगेच हातात मिळत नसे, ते बँकेत गहाण. घडांच्या पैशांतून सोसायटी, म्हणजे कूद, दर महिन्याला साधारण तीस टक्के कापून घेई आणि कर्ज फिटलं की सर्टिफिकेट घरी येई. सासूबाई ते अजून नमाजाच्या कपड्यांखाली ठेवतात.

फसवणूक समजायची तर झाडाचं वय समजायला हवं. सावित अडीच-तीन वर्षांनी फळ धरतं आणि पंचविशीनंतर थकतं. झाड इतकं उंच होतं की लांब काठीच्या एग्रेक कोयत्यानेही घड नीट उतरत नाही. मग जुनी झाडं पाडून नवी लावायची. त्यासाठी सरकारी अनुदान आहे. ते हेक्टरी अडीच कोटी रुपियाचं तीन कोटी झालं आणि २०२४ पासून सहा कोटी. (आकडा ऐकून कोणी डोळे विस्फारू नयेत, इथे भाजीसुद्धा हजारांत मिळते.) पण अनुदान लागवडीला पुरतं, चुलीला नाही. नवं झाड फळेपर्यंतची तीन वर्षं घर कशावर चालवायचं? पहिल्या पिढीच्या सगळ्या बागा एकदमच म्हाताऱ्या झाल्यामुळे गावोगावी हाच प्रश्न होता, आणि अशा वेळी 'तयार बाग' विकणारे फिरायला लागतात.

आमच्याकडे आलेला माणूस अनोळखी नव्हता. घड विकत घेणाऱ्या एका तोकेकडे तो पूर्वी वजनाचा हिशोब लिहायचा. दर गुरुवारी रात्री घरोघरी फिरणाऱ्या यासिनानला, म्हणजे कुराणातल्या यासीनच्या पठणाला, येऊन बसायचा. सासऱ्यांशी बोलताना जावाची आदबशीर क्रोमो भाषा वापरायचा, आणि जावातल्या त्यांच्याच गावाकडचा आहे म्हणून 'सेदुलुर', म्हणजे भाऊबंद, म्हणवून घ्यायचा. परमुलखात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे किती आतून भिडतं ते मला परदेशात राहून नीट कळतं. इथे कोणी 'तुम्ही सांगलीकडच्या का' असं विचारलं तर मीही आधी चहाच टाकते.

बाग त्याने कापणीच्या दिवशी दाखवली. रस्त्याकडेला घडांचा ढीग, सुटी फळं पोत्यांत भरलेली, ट्रक उभा, आणि सोबत मागच्या काही महिन्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या. ढिगातले बरेच घड शेजारच्या दोन बागांतून आणलेले होते, हे नंतर त्या ट्रकच्याच मदतनिसाने सांगितलं. झाडांतही गोम होती. चांगलं बियाणं तेनेरा जातीचं, त्याची करवंटी पातळ आणि गर जास्त. बनावट रोपांत दुरा निघतं, करवंटी जाड. अशी फळं गिरणीत बाजूला काढतात आणि पैसे कापतात. झाड बाहेरून सारखंच दिसतं. फळ कोयत्याने आडवं कापलं की अर्ध्या मिनिटात कळतं, आणि ते दहा-वीस झाडांचं कापून बघायचं असतं. विकणाऱ्याने कापून दाखवलेलं फळ धरू नका.

पण नुसती झाडंच खराब निघाली असती तर कमी का होईना, काही हाती लागलं असतं.

आम्हाला मिळालेल्या कागदाचं नाव एसकेजीआर. रिआउमध्ये बहुतेक बागा यावरच हातोहात फिरतात. मजकूर असा असतो की अमुक माणूस ही जमीन कसत होता, त्याने तमुकाकडून मोबदला घेऊन ती सोडली, आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची हरकत नाही. आपल्याकडे पोलीस पाटलाने 'हा इथे वर्षानुवर्षं कसतो' असं लिहून द्यावं तसा हा दाखला. मालकीचं सर्टिफिकेट फक्त जमीन खातं देतं, ज्याला सगळे बेपेएन म्हणतात. एसकेजीआर हा तिथे अर्ज करताना जोडायचा पुरावा, एवढंच. जमीन वनखात्याच्या नकाशात असेल तर बेपेएन सर्टिफिकेट देऊच शकत नाही, आणि गावप्रमुखाने सही करण्याआधी तो नकाशा पाहिलेला असेलच असं नाही. आमच्या बागेच्या बाबतीत तेच झालं. अलीकडेही सावित, पलीकडेही सावित. वनाची हद्द मधून जाते तिथे साधा दगडही नाही.

सर्टिफिकेट का नाही, हा प्रश्न नवऱ्याने विचारला होता. त्यावर त्या माणसाचं उत्तर इतकं बेतलेलं होतं की आज आठवलं तरी संताप येतो. तो सासऱ्यांना म्हणाला, "पाक (बाबा), सर्टिफिकेट करायला गेलात तर सून आडवी येईल. ती परदेशी आहे ना!" यातलं अर्धं खरं आहे. १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाशी लग्न झालेल्या नागरिकाने मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेला नसेल तर ती दोघांची धरतात आणि अडचण होते. पण तो करार लग्नानंतरही करता येतो असा निकाल इथल्या घटना न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आहे. शिवाय बाग सासऱ्यांच्या नावावर होणार होती. त्यात माझा काय संबंध? घरात मात्र त्या वाक्याने काम केलं. सगळे अवघडले, मीही अवघडले, आणि सर्टिफिकेटचा विषय माझ्यासमोर काढणं असभ्य होऊन बसलं. भाव सर्टिफिकेटवाल्या बागेच्या जवळजवळ निम्मा होता, त्यात माझ्या पाटल्या पेकानबारूच्या सराफाकडे मोडून घातल्या.

आपल्या इंजिनिअर मंडळींना याच कायद्याचा दुसरा भाग सांगते. परदेशी माणसाने स्थानिक मित्राच्या नावावर जमीन घेतली आणि खासगी करार करून मालकी आपली ठेवली, तर २६ व्या कलमाप्रमाणे तो व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारकडे, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. 'सगळेच असं करतात' हे तुम्हालाही ऐकवलं जाईल.

कळलं कधी? पुढे सरकारी मोफत मोजणी आली, पीटीएसएल. तिच्यात सर्टिफिकेट फुकट होईल असं बाग विकणाऱ्यानेच सांगितलं होतं. मोजणीदाराने कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेतले, टॅबवर पाहिलं आणि यंत्र आवरलं. नकाशात ते 'उत्पादन वन', म्हणजे वनखात्याची जमीन. शेजारच्या बागांचंही तेच. शेजाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं आणि तरी त्यांनी आमच्या कागदावर सह्या केल्या होत्या, कारण त्यांच्या बागा याच कागदावर उभ्या आहेत. एकाची शंका काढली तर सगळ्यांचीच किंमत पडते. त्यांचा राग करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमत नाही.

त्यानंतर दुसरा माणूस आला, 'पेमुतिहान' करून देतो म्हणत. म्हणजे जमीन वनातून सोडवून कायदेशीर करून देणार, फी आगाऊ. त्याच्याकडे कायद्याची छापील पानं होती आणि तीही खरी. २०२० च्या रोजगारनिर्मिती कायद्यात वनातल्या बागांसाठी ११०अ आणि ११०ब ही कलमं घातली. सलग पाच वर्षं तिथेच राहणाऱ्या आणि पाच हेक्टरपर्यंत कसणाऱ्या माणसाला दंडातून सूट आहे. त्याने न सांगितलेलं असं की ११०अ ची कागदपत्रं पुरी करायची मुदत २ नोव्हेंबर २०२३ ला संपली होती, आणि विकणाऱ्याची वर्षं घेणाऱ्याच्या खात्यात येत नाहीत. आमच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं म्हणून तो रिकामा गेला. गावातल्या इतरांकडून नाही गेला.

२०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने वनजमिनी ताब्यात घेणारं पथक नेमलं, आणि देशभर लाखो हेक्टर सावितवर सरकारी पाट्या लागल्या. मुख्य रोख मोठ्या कंपन्यांवर असल्याचं सांगतात. आमच्या ब्लॉकच्या तोंडाशीही एक पाटी आली.

पोलिसांत गेलो. फसवणुकीचं कलम लावायला विकणारा खोटं बोलला हे दाखवावं लागतं. पावतीवर 'कसण्याच्या हक्काचा मोबदला' एवढंच लिहिलेलं, जमीन वनाबाहेर आहे असं कुठेच नाही. म्हणून दिवाणी वाद ठरला. मग गावच्या सभागृहात बैठक झाली. त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली, हप्त्यांनी पैसे द्यायचं कबूल केलं, थोडे दिले, मग थांबला. यासिनानला अजून येतो. सासरे त्याच्याशेजारी बसतात, कारण गावात राहायचं आहे.

कोणाला घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी बागेच्या चारी कोपऱ्यांवर स्वतः उभं राहून फोनवर स्थान नोंदवा. ते बेपेएनच्या 'भूमी' नकाशावर टाकून पाहा, सर्टिफिकेट आहे म्हणत असतील तर 'सेंतुह तानाहकू' ॲपवरही. वनाची हद्द मात्र पेकानबारूच्या वनहद्द कार्यालयाला लेखी विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका. 'ही जमीन वनक्षेत्राबाहेर आहे, तसं न निघाल्यास पूर्ण रक्कम परत' हे वाक्य पावतीत घालून घ्या. आमच्या ओळखीतल्या एकाने ते घालायला सांगितलं, तर विकणारा दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेना.

पाटी लागलेल्या आमच्या ब्लॉकच्या मागचा ब्लॉक सध्या पुन्हा विकायला आहे. फोटो कापणीच्या दिवशीचे आहेत.