इलेक्ट्रिक रंधा, सात महिन्यांनंतर: मशीन बरं, पण तोंड उजवीकडे

गेल्या आठवड्यात मशीनचा पट्टा गेला, म्हणून हे लिहायला बसलो. चालतंय तोवर कोण लिहितं?

८२ मिलिमीटर रुंद पात्याचा, वायरवाला इलेक्ट्रिक रंधा. पाडव्याच्या ऑफरमध्ये ४,१०० रुपयांना घेतला. वॅट, आरपीएम, पात्यांची संख्या सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे परत लिहीत नाही. कंपनीचं नावही मुद्दाम देत नाही. या किमतीतली चार-पाच मशीनं रंग सोडला तर सख्खी भावंडं वाटतात, त्यामुळे एकाला नावं ठेवून उपयोग नाही.

घ्यायचं कारण म्हणजे गावाकडचं घर उतरवलं तेव्हा निघालेलं लाकूड. आजोबांच्या काळातल्या सागाच्या दोन तुळया आणि दहा-बारा वासे. भंगारवाला सगळं मिळून जो भाव सांगत होता तो ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या डोक्यात तिडीक गेली. टेम्पो करून सगळं साताऱ्याला आणलं आणि सॉ मिलमध्ये तुळया फाडून घेतल्या. बेत असा होता, की उन्हाळ्यात पडवीसाठी झोपाळ्याची फळी करायची, मधल्या खोलीचं दर पावसाळ्यात अडकणारं दार तासायचं आणि उरलेल्यात स्वयंपाकघरात बरण्यांची मांडणी. मांडणी झाली, ठीक आहे, तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

आता मुख्य तक्रार. या मशीनमधून भुसा फक्त उजवीकडून बाहेर पडतो.

यात काय एवढं, असं म्हणाल. मी डावखुरा आहे. मागची मूठ डाव्या हातात, पुढची गुंडी उजव्या हातात धरली की मी आपोआप मशीनच्या उजव्या अंगाला उभा राहतो. म्हणजे भुशाचं तोंड थेट माझ्या पोटावर. पहिल्या दिवशी पहिली फळी संपेपर्यंत शर्टाचा खिसा सागाच्या ढलप्यांनी भरला होता, बनियनच्या आत गेल्या त्या वेगळ्याच. एप्रिलच्या उन्हात, घामावर. बघणाऱ्याला वाटावं हा माणूस आत्ताच वखारीत लोळून आला.

मग हात बदलला. उजव्यांसारखा डाव्या अंगाला उभा राहिलो, आणि भुसा गेला पलीकडे. पलीकडे जुन्या साडीवर आईच्या कुरडया वाळत होत्या.

एप्रिल-मेमध्ये गच्ची कोणाची असते हे महाराष्ट्रात सांगायला नको. ती वाळवणाची असते, आपण तिथे उपरे. मी मात्र मशीन, एक्स्टेंशन बोर्ड, फळी ठेवायचे दोन लाकडी घोडे आणि सहा फळ्या घेऊन चढलो होतो. फळी उलट फिरवून लावा असं सुचवणाऱ्यांसाठी सांगतो, लावली. मग भुसा कठड्यावरून शेजारच्या काकूंच्या गच्चीत, आणि तिथे सांडगे. तिरकी लावली तर पाण्याची टाकी, तिचं झाकण तडकलेलं. शेवटी आईने कुरडयांवर दुसरी साडी पांघरली आणि म्हणाली, "तुझं होऊ दे आधी. माझं काय, ऊन रोजच आहे." ज्यांच्या घरी आई आहे त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल.

पांघरायच्या आधी ज्या ढलप्या पडल्या होत्या त्या तिने चिमट्याने वेचल्या. सगळ्या सापडल्या नाहीत. जूनच्या पहिल्या पावसात कुरडया तळल्या तेव्हा कुरडई फुलली, साग फुलला नाही. त्यावरून घरात अजून बोललं जातं.

बाजारात दोन्ही बाजूंनी भुसा सोडणारी मॉडेलं आहेत. एक खटका फिरवला की तोंड डावीकडे. दुकानदाराने दाखवलंही होतं, दीडेक हजार जास्त होते. "भुसा इकडून पडला काय नि तिकडून पडला काय," असं मीच म्हणालो होतो. त्यामुळे राग कुणावर काढायचा हाही प्रश्नच आहे.

सोबत एक कापडी पिशवी येते. ती विसरा. जाड कापात दोन मिनिटांत भरते आणि भरल्याचं सांगत नाही, फक्त मशीनचा आवाज घोगरा होतो. मी तिच्या जागी माझ्या जुन्या जीन्सचा एक पाय लावला. मांडीकडची बाजू सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने तोंडावर आवळली आणि पायाची बाजू गोणीत सोडली. सांगतो, या सात महिन्यांतला सगळ्यात मोठा आनंद मला या जुगाडाने दिला. भुसा सरळ गोणीत, कुरडया स्वच्छ, पोट मोकळं. (या आनंदाचं पुढे काय झालं ते येतंच.)

मशीनचं काम कसं आहे? खडबडीत फळी साफ करायला फारच छान. सॉ मिलच्या करवतीच्या खुणा दोन हातांत जातात. हाताच्या रंध्याने ज्या फळीला माझा अख्खा रविवार गेला असता, ती वीस मिनिटांत झाली. पण ८२ मिलिमीटरच्या पात्याने साडेचार इंच रुंद फळी काढायची म्हणजे दोन पट्टे शेजारी-शेजारी पडतात आणि मधे बारीक धार राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला लागते. शेवटचा हात हाताच्या रंध्यानेच मारावा लागतो.

दुसरं म्हणजे टोकाला पडणारा खड्डा. पहिल्या तीन फळ्यांची शेवटची दोन इंचं मी खाल्ली. सुरुवातीला जोर पुढच्या गुंडीवर आणि फळी संपताना मागच्या मुठीवर द्यायचा, एवढं साधं आहे, पण हे पुस्तिकेत नाही. आमच्याकडे माझ्या लहानपणापासून येणारे सुतारकाका सहज डोकावले, त्यांनी सांगितलं. त्यांनी मशीन उलटं धरलं, पात्यावर सरळ लाकडी पट्टी ठेवली आणि पाती बसवलेला ड्रम हाताने फिरवला. पट्टी पुढे सरकली. "बघ, पातं मागच्या तळापेक्षा वर बसलंय. नुसतं चाटून गेलं पाहिजे. म्हणून टोकाला खड्डा पडतोय, सगळी चूक तुझ्या हाताची नाही." कंपनीतूनच पातं वर बसवून आलं होतं. नवीन मशीन घेतलं की आधी हे तपासा.

पात्यांबद्दल आणखी. सोबत आलेली पाती साध्या हायस्पीड स्टीलची आहेत. सागात सिलिका असतं, म्हणजे वाळूचाच अंश, त्यामुळे धार बघता-बघता जाते. चार फळ्यांनंतर ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं. कार्बाइडची पाती महाग आहेत पण सागावर तीच घ्या. आणि जुन्या लाकडात खिळे! मी बंद पडलेल्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फळीभर फिरवत होतो, त्यात अकरा खिळे सापडले. बारावा मशीनला सापडला. ठिणगी, खाडकन आवाज, पात्याला दात पडला आणि पुढे प्रत्येक फळीवर एक बारीक उंच रेघ उठायला लागली. ही चूक माझी, मशीनच्या खात्यावर घालत नाही.

बटण सोडल्यावर ड्रम चार-पाच सेकंद फिरत राहतो, हेही लक्षात ठेवा. मागे स्प्रिंगचा छोटा पाय आहे, त्यामुळे मशीन खाली ठेवलं तरी पातं टेकत नाही. तो पाय भुशाने अडकून आत बसला होता आणि मी मशीन टीपॉयवर ठेवलं. टीपॉयवर आता कायमची वर्तमानपत्राची घडी असते.

झोपाळ्याची फळी मेच्या अखेरीस झाली. पाच फूट लांब, अठरा इंच रुंद, चार फळ्या जोडून. साग तेलकट असतो, म्हणून जोडायच्या आधी कडा थिनरच्या फडक्याने पुसल्या, मग फेविकॉल. खालच्या आडव्या पट्ट्या मी करकचून स्क्रूने आवळणार होतो, तेवढ्यात काकांनी हात धरला. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं, असं त्यांचं म्हणणं. मला तो जुन्या माणसांचा सोपस्कार वाटला. जुलैमध्ये टेप लावली तेव्हा फळी रुंदीत तीन मिलिमीटर वाढली होती, लांबीत काही नाही. आवळली असती तर जोड उकलला असता किंवा फळी वाकली असती.

दाराचं मात्र फसलं. दर जुलैत अडकतं म्हणून मेमध्येच अंदाजाने कुलपाच्या बाजूने दोन मिलिमीटर काढले. मशीनने दहा मिनिटांचं काम, स्वतःवर खूश होतो. जुलैत दार पुन्हा अडकलं, या वेळी खाली. तेव्हा मी इथे लिहायला घेतलं होतं की घरातली दारं तासायला हे मशीन बेकार आहे. बरं झालं पाठवलं नाही. काकांनी दार उतरवून खालची कड दाखवली. कोरं लाकूड. दार बसवल्यापासून तिथे कधी रंग लागलाच नव्हता, आणि मी तासलेली बाजूही तशीच उघडी सोडली होती. पाणी पितं तिथून. आता पावसाळा सरला, लाकूड सुकलं, तर खालून एक मिलिमीटर काढून चारही कडांना तेलरंगाचे दोन हात दिलेत. पुढच्या जुलैत कळेल.

आता पट्टा. गेल्या आठवड्यात उरलेल्या वाशातून देवघराखालचा पाट काढत होतो. मोटर फिरतेय, आवाज आहे, ड्रम थांबलेला. तीन स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडलं तर दातेरी पट्ट्याचे दाते सोलवटलेले आणि आत काळा रबरी चुरा.

वॉरंटी वर्षाची आहे. सर्व्हिस सेंटर पुण्यात. फोनवरचा मुलगा गोड बोलत होता. "सर, बेल्ट, कार्बन ब्रश, ब्लेड हे वेअरिंग पार्ट आहेत, वॉरंटीत येत नाहीत. मशीन घेऊन या, इन्स्पेक्शनचे ३५४ होतील, बेल्टचे वेगळे. पार्ट मागवावा लागेल, दहा-बारा दिवस." म्हटलं, नुसता पट्टा कुरियरने पाठवा, पैसे आधी देतो. तसं होत नाही म्हणे. मशीन बघितल्याशिवाय पार्ट देत नाहीत. तळहाताएवढ्या रबरासाठी मी साडेतीन किलोचं मशीन घेऊन साताऱ्याहून पुण्याला दोनदा जायचं, एकदा द्यायला, एकदा आणायला. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा वेगळा मुलगा आणि तेच ३५४. शेवटी माझा आवाज चढला, त्याचा नाही चढला, त्यामुळे आणखीच चिडचिड झाली.

संध्याकाळी पोवई नाक्याकडे जाताना सहज एका मोटर वाइंडिंगच्या दुकानात तुटका पट्टा दाखवला. त्याने पट्ट्यावरचा नंबर वाचला, खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. १२० रुपये. दोन घेतले. वीस रुपये सुटले. बसवायला दहा मिनिटं लागली. मोठ्या पुलीवर अर्धा चढवायचा आणि ड्रम हाताने फिरवत बाकीचा सरकवायचा.

पण त्या माणसाने मशीन हातात घेऊन तोंडातून बोट घातलं आणि ओल्या भुशाचा बोळा बाहेर काढला. "साहेब, ह्याच्या तोंडाला काय लावलं होतं?"

सांगावं लागलं. जीन्स. गुडघ्याच्या घडीत भुसा अडकायचा, मागे तुंबायचा, ड्रम दबायचा, मोटर मात्र ओढतच राहायची. मग दाते जाणार नाहीत तर काय? म्हणजे पट्टा कंपनीने नाही, मी मारला. सर्व्हिसबद्दल वर लिहिलेलं एक अक्षर मागे घेत नाही, पण मशीनवरचा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा तोंडावरच आहे, कारण तोंड डावीकडे असतं तर मी जीन्स लावलीच नसती.

एक गोष्ट राहिली. गोणीत साठलेल्या ढलप्या आई बंबात घालते. एका घमेल्यात दोघांची आंघोळ होते म्हणते. आता कुरडयांचं नाव निघत नाही, उलट गुरुवारी सकाळी विचारलं, "आज मशीन नाही लावणार? ढलप्या संपल्यात." मास्क मात्र लावा, लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट, आणि ती पिशवीत काय, जीन्समध्येही अडकत नाही.

पाचातले साडेतीन तारे. सुतारकाम शिकायचं असेल तर घ्या, दीड हजार जास्त घालून खटक्यावालं घ्या. माझ्याच मॉडेलवर कुणी भुशाचं नळकांडं काढून डाव्या बाजूला बसवलं असेल तर सांगा. डाव्या बाजूला एक आंधळं झाकण दिसतंय, दोन स्क्रूंचं. ते उघडायचा धीर अजून झालेला नाही, वॉरंटी मार्चपर्यंत आहे.