ग्रेट डेन की बुलमास्टिफ? सांगली-साताऱ्याकडच्या घराचा हिशोब

घरात मोठं कुत्रं आणायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती 'जास्त डेंजर कुठलं?' याची. ग्रेट डेन आणि बुलमास्टिफ यांच्यात निवड करताना हा प्रश्न बिनकामाचा आहे. फाटकाच्या आत पन्नास-सत्तर किलोचं धूड उठून उभं राहिलं की भुरटा चोर त्याची जात विचारायला थांबत नाही. राखण दोघंही करतात. हिशोब करायचा तो दुसऱ्याच गोष्टींचा: मे महिन्यात त्याला ठेवणार कुठे, आजारी पडलं तर गाडीत उचलून घालणार कोण, आणि दिवसभर घरात माणूस असतं का.

आधी मापं. ग्रेट डेन मूळचा जर्मनीतला, रानडुकराच्या शिकारीचा. नर खांद्यापाशी ८० सेंटिमीटर किंवा त्याहून उंच, वजन साधारण ५५ ते ८० किलो. मादी ७२ सेंटिमीटरपासून पुढे. बुलमास्टिफचा नर ६४ ते ६९ सेंटिमीटर आणि ५० ते ५९ किलो, मादी ४१ ते ५० किलो. उंचीत डेन भारी, पण छातीची रुंदी आणि मानेचा जोर बघाल तर बुलमास्टिफ. त्याचा जन्म इंग्लंडातला. जमीनदारांच्या रानात रात्री चोरून शिकार करणाऱ्यांना धरायला तिथल्या रखवालदारांनी एकोणिसाव्या शतकात मास्टिफ आणि बुलडॉग यांचा संकर करून तो घडवला, आणि १९२४ साली तिथल्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. काम ठरलेलं: अंधारात आवाज न करता गाठायचं, धडक देऊन पाडायचं आणि मालक येईपर्यंत दाबून धरायचं. फाडायचं नाही.

ती सवय आजही रक्तात आहे. सांगलीच्या विश्रामबाग भागात ओळखीच्या एका घरी बुलमास्टिफची मादी आहे. गॅस सिलिंडरवाला आला की ती भुंकत नाही. व्हरांड्याच्या पायरीवरून सावकाश उतरते आणि माणूस नि दार यांच्या मधोमध आडवी उभी राहते, मान जरा खाली घालून. घरातून कुणीतरी "येऊ दे गं" म्हणेपर्यंत हलत नाही. तोवर तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन जागच्या जागी. रात्री भुंकून गल्ली जागी करणारं कुत्रं हवं असेल तर ही जात नव्हे. डेनचं उलट. त्याचा आवाज खोल, घुमणारा, दोन घरं पलीकडे जाणारा. पण पाहुणा एकदा घरात आला, चहा घेऊन बसला, की हाच राखणदार येऊन त्याच्या अंगावर टेकतो. खरोखर टेकतो, सगळं वजन टाकून. आजींच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवं. शेपटीही बरोबर टीपॉयच्या उंचीला येते. कपबश्या गेल्या तर चालतं, पण भिंतीवर आपटून आपटून शेपटीचं टोक फुटतं आणि ती जखम लवकर भरत नाही.

आपल्याकडच्या घरांत राबता फार. दूधवाला, मीटर बघायला येणारा, वाढदिवसाला मुलांची फौज, लग्नसराईत मुक्कामाला आलेले पाहुणे. अशा घरात डेन पटकन सरावतो. बुलमास्टिफ घरच्या मुलांशी अतिशय मायाळू असतो, पण अनोळखी माणसाबद्दल मत बनवायला वेळ घेतो आणि ते मत स्वतःचं स्वतः बनवतो. हट्टी असतो. मारून तो सुधारत नाही, बिघडतो. पहिल्या वर्षभरात त्याला बाजार, एसटी स्टँडचा आवाज, लहान पोरं, छत्रीवाली माणसं हे सगळं दाखवावं लागतं आणि ते एकाच ठाम माणसाला जमतं. घरातल्या पाच जणांनी पाच हुकूम दिले की संपलं. घरात आधीच एक नर कुत्रा असेल तर दुसरा बुलमास्टिफ नर आणू नका. मुलं कितीही लाडकी असोत, या दोन्हीपैकी कुठल्याही कुत्र्याबरोबर लहान मूल एकटं सोडायचं नाही. चावण्याची भीती सोडाच, नुसत्या धक्क्यानेही पोर आडवं होतं.

आता ऊन. सांगली-मिरजेला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि इथे बुलमास्टिफ मार खातो. आखूड नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही, त्यामुळे दुपारी बारा वाजताचा फेरफटका त्याच्या जिवावर येऊ शकतो. डेनचं तोंड लांब आणि केस आखूड, म्हणून तो बरा. पण पत्र्याच्या शेडखाली बांधला तर तोही टिकणार नाही. दोघांनाही घरात, पंख्याखाली, गार फरशीवर जागा लागते. मात्र ती फरशी चकचकीत ग्लेझ टाइलची नको. डेन उठताना त्याचे मागचे पाय कसे फाकतात ते एकदा बघा. सांध्यांचं त्यातून वाटोळं होतं. शहाबादी फरशीवर पाय धरतो, टाइल असेल तर रबरी मॅट अंथरा. झोपायला जाड गादी हवीच, नाहीतर कोपरांवर घट्टे पडतात. वाई, सातारा शहर किंवा पाचगणीच्या बाजूला राहत असाल तर बुलमास्टिफचा उन्हाचा मुद्दा बराच सौम्य होतो. (थंड हवा आहे म्हणून काही जण सेंट बर्नार्डचा विचार करतात. आल्प्सच्या बर्फातलं ते दुहेरी केसांचं कुत्रं महाबळेश्वरच्या चार महिन्यांच्या पावसात कातडीच्या दुखण्याने हैराण होतं. नकोच.)

खाण्यात दोघांत फारसा फरक नाही. पूर्ण वाढलेल्या डेनला कोरडं खाद्य दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम लागतं, म्हणजे महिन्याला वीस-पंचवीस किलो. दुकानातला भाव विचारा आणि गुणाकार करा. बुलमास्टिफचं थोडं कमी. औषधंही वजनावर: जंताची गोळी दहा किलोला एक धरली तर एका वेळी सहा-सात, आणि गोचिडाच्या गोळीचा मोठ्यात मोठा डोसही बऱ्याचदा साठ किलोपर्यंतच पुरतो, पुढे दोन गोळ्या जोडाव्या लागतात. घरचं द्यायचं असेल तर ज्वारीची भाकरी, भात, उकडलेलं चिकन, अंडी चालतात, पण प्रमाण डॉक्टरांकडून बसवून घ्या. नुसत्या दूध-भाकरीवर हे शरीर उभं राहत नाही. शिजवलेली हाडं नकोत.

पिल्लाच्या बाबतीत आपल्याकडे एक घातक माया चालते: "हाडं मोठी आहेत, कॅल्शियमची बाटली चालू करा." महाकाय जातींच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम शोषून न घेण्याची सोय नसते, जेवढं पोटात जाईल तेवढं अंगात भिनतं आणि वाढणारी हाडं वाकडी होतात, सांधे बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर वरून काहीही नको. पिल्लू गुबगुबीत नको, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. वाढ दीड-दोन वर्षं चालते. तोवर त्याला दुचाकीमागे पळवणं, जिन्यावरून उड्या मारायला लावणं बंद.

या दोघांना, आणि त्यातही डेनला, सगळ्यांत जास्त मारणारी गोष्ट म्हणजे पोट फुगून जठराला पीळ बसणं. खोल छातीच्या कुत्र्यांचा हा आजार, आणि ग्रेट डेन त्यात अगदी वरच्या नंबरावर. कुत्रं अस्वस्थ फिरतं, उलटीसाठी ओकाऱ्या काढतं पण बाहेर फेसाशिवाय काही येत नाही, पोट ढोलासारखं टणक होतं. मग हातात काही तासच असतात आणि उपाय एकच, ऑपरेशन. दिवसातून एकदाच भरपेट घालू नका, दोन-तीन वेळा विभागून द्या, जेवणानंतर तासभर पळू देऊ नका. भांडं उंच स्टँडवर ठेवा असं दुकानदार सांगतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात मात्र उंच भांड्यामुळे धोका वाढलेला दिसला, त्यामुळे तो खर्च वाचवा. डेन घेणार असाल तर जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बसवण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया, बहुधा नसबंदीबरोबरच, करून घ्यायची चर्चा डॉक्टरांशी आधीच करा.

आणि पिल्लू आणण्याआधी डॉक्टर शोधा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, खंडाळा-वाईकरांना ते जवळ. सांगलीहून मात्र ते तीन तासांच्या वर, म्हणजे पीळ बसलेल्या कुत्र्याला उपयोगाचं नाही. आपल्या गावाच्या अर्ध्या तासाच्या अंतरात रात्री अकराला पोट उघडायची तयारी असलेला डॉक्टर आहे का, हे तोंडावर विचारा. नसेल तर डेनचा विचार सोडलेला बरा. बुलमास्टिफलाही हा आजार होतो. त्याच्या जोडीला खुब्याचे नि कोपराचे सांधे आणि कॅन्सर. डेनच्या बाकीच्या दुखण्यांत हृदय कमजोर होणं आणि हाडांचा कॅन्सर येतात. दोघांचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरात याचा अर्थ काय ते आई-बापांनी आधी बोलून ठेवावं.

लाळेचा विषय थोडक्यात: बुलमास्टिफच्या घरात प्रत्येक खोलीत एक जुना टॉवेल.

मळ्यावर ठेवायला म्हणून घेत असाल तर दोन्ही नकोत. उसात नाग-घोणस आहेत, गोठ्यात गोचीड आहे, आणि कराड-पाटणपासून शिराळ्यापर्यंत उसात बिबट्या वावरतो. साखळीला बांधलेलं कुत्रं, मग ते सत्तर किलोचं का असेना, त्याला पळताही येत नाही. शिवाय ही माणसांत राहणारी कुत्री, एकटी वस्तीवर सोडली की खंगतात नाहीतर बिथरतात. रानात राखण हवी तर गावठी जोडी किंवा कारवानी ही देशी जात. ती इथल्या उन्हातच घडलेली आहेत, आणि खर्च निम्म्याहून कमी. सांगलीवाडीसारख्या नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी पुराचाही विचार करावा. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. बोटीत बसायला न शिकलेला सत्तर किलोचा डेन ऐनवेळी कोण चढवणार? पूर ओसरल्यावर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) भीती असते, म्हणून ती लस चुकवायची नाही. रेबीजची तर दरवर्षीच.

कायद्याचं एक. मार्च २०२४ मध्ये केंद्राने आक्रमक जातींवर बंदीचं पत्र राज्यांना पाठवलं, त्या यादीत 'मास्टिफ' हा शब्द होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र एप्रिलमध्ये रद्द केलं. ग्रेट डेनचं नाव त्यात नव्हतं. बुलमास्टिफ घेणाऱ्याने पालिकेत परवान्याची आजची स्थिती विचारूनच पैसे द्यावेत.

माझं मत विचाराल तर सांगली-मिरजेच्या बंगल्यात, घरात कायम माणसं, मुलं, पाहुणे असतील आणि डॉक्टर हाताशी असेल, तर ग्रेट डेनची मादी. वाई-साताऱ्याकडे, कमी वर्दळीचं घर, आधी कुत्रं सांभाळलेला एक ठाम माणूस, तर बुलमास्टिफ, तोही मादीच. पहिलंच कुत्रं असेल तर बुलमास्टिफ नको, हे मी तरी ठामपणे सांगेन.

पिल्लू घेताना ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी बघा. २०१७ च्या नियमांप्रमाणे ती बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, डेन असेल तर हृदयाची तपासणीही. ठिपकेदार किंवा मर्ल (फिक्या अंगावर गडद डागांच्या) रंगाचे दोन डेन एकमेकांना लावून झालेलं पांढरंफटक पिल्लू "रेअर" म्हणून जास्त पैशांत दाखवतील. अशी पिल्लं बरेचदा बहिरी, कधी आंधळीही निघतात. त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून बघा. आणि आई दाखवत नसेल तर पिल्लू कितीही गोड असलं तरी तिथून उठा.