पिकअपचा क्रॉस सारखा जातोय? आधी कारण शोधणारं चाकणचं शाफ्ट वर्कशॉप

क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या जोडातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, बदलला तरी पुन्हा खडखड, मग शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंगही गेलं, अशा पिकअपसाठी प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचं) हे छोटं वर्कशॉप खरंच भरवशाचं आहे. शाफ्ट उतरवण्याआधी जोडावर पंचने खुणा करतात. स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा दातेरी सरकता जोड, एक दाता जरी चुकला तरी योक (क्रॉस धरणारे दोन टोकांचे चिमटे) जुळत नाहीत, शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन हादरे बसतात आणि नवा क्रॉसही त्यातच संपतो.

जुन्या क्रॉसच्या चारही टोप्या उघडून दाखवतात, ही सगळ्यात चांगली गोष्ट. लालसर कोरडी भुकटी निघाली तर ग्रीस कमी पडलं. टोपीतल्या बेअरिंगच्या सुयांच्या खोल रेघा क्रॉसवर उमटल्या असतील तर भार किंवा शाफ्टचा कोन जास्त. मग गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि कमानपाटे तपासतात. जादा पाटा टाकला की डिफरेंशियलचा (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्याचा) कोन बदलतो, हे फार कमी गॅरेजवाले बघतात. नव्या क्रॉसला चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत भरतात.

एकच उणीव: डायल गेजवर शाफ्टचा वाकडेपणा मोजतात, पण बिलावर आकडा लिहीत नाहीत. तो मागून घ्या, पुढच्या वेळी ताडून बघता येतो.