ट्रेनिंगचा उपयोग झाला का? मोजायची कुठली पद्धत कुणाला परवडते

ट्रेनिंग उरकलं, बिलं चुकती झाली आणि वरून प्रश्न आला: फरक काय पडला? अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये याच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात वागणं बदललं का, धंद्यावर परिणाम झाला का. बहुतेक कंपन्या पहिलीवरच थांबतात, कारण ती स्वस्त आहे. पद्धत निवडताना एवढंच विचारावं, की आकडा हातात आल्यावर ठरवायचं काय आहे.

फीडबॅक फॉर्म

खर्च जवळपास शून्य, माहितीही तेवढीच. सहा वाजता सेशन संपतं, सव्वासहाची फास्ट पकडायची असते. वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत ‘४’ वर टिका. जेवण, एसी, ट्रेनरचा स्वभाव हे त्यातून कळतं. फॉर्म ठेवायचाच असेल तर शेवटच्या सेशनच्या अर्धा तास आधी भरून घ्या आणि ‘कसं वाटलं?’ऐवजी ‘सोमवारी कामावर नेमकं काय वेगळं कराल? कशामुळे अडेल?’ असं विचारा.

आधी-नंतरची चाचणी

शिकले का, हे हिच्यावरून कळतं. समान काठिण्याचे दोन पेपर काढा, १५-२० प्रश्नांचे; अर्ध्यांना आधी ‘अ’, बाकीच्यांना ‘ब’, नंतर अदलाबदल. एकच पेपर दोनदा दिला तर पाठांतर मोजलं जातं, आणि पहिल्या बॅचचा पेपर दुसऱ्या बॅचच्या व्हॉट्सॲपवर आधीच पोचलेला असतो. ‘तुम्हाला एक्सेल किती येतं?’ असले प्रश्न मात्र फसवे. ट्रेनिंगआधी माणूस स्वतःला ७ देतो, नंतर आपल्याला काय येत नव्हतं ते उमगून ६ देतो. कागदावर घसरण दिसते. असे प्रश्न शेवटीच विचारावेत: तेव्हा किती येत होतं, आता किती येतं.

बॅचेसची तुलना

आमच्या मते मुंबईत सगळ्यात कमी वापरलेली आणि सगळ्यात कामाची पद्धत हीच. ट्रेनिंग रूम एकच, काउंटर बंद ठेवता येत नाहीत. बॅचेस तशाही पाडाव्याच लागतात. मग थांबलेली बॅच तुलनेला वापरा.

समजा, बिलिंगचं ट्रेनिंग ऑगस्टच्या सुरुवातीला दादर शाखेत झालं, बोरिवलीचं दिवाळीनंतर आहे. दर हजार बिलांमागे दादरच्या चुका ४० वरून ४२ झाल्या. एकटं दादर पाहिलं तर पैसे पाण्यात. पण त्याच काळात गणपतीच्या गर्दीत बोरिवली ३८ वरून ५२ वर गेली. तिथे १४ ची वाढ, इथे २ ची. म्हणजे ट्रेनिंगने हजारी साधारण १२ चुका रोखल्या. सणाचा हंगाम किंवा जुलैचा पाऊस असा दोन्हीकडून वजा होतो.

बिघडतं कुठे? कुठली शाखा आधी, हे मॅनेजरने ठरवलं तर तो चुणचुणीत किंवा अगदी कच्ची शाखा पुढे करतो. कच्च्यांचे आकडे ट्रेनिंगविनाही थोडे सावरतात, म्हणून चिठ्ठ्या टाका. विभागणी शाखेनुसार करा. एकाच काउंटरवरचे लोक एकमेकांना शिकवतात आणि फरक पुसला जातो. दोन बॅचेसमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवा. वरचं उदाहरण हिशोब कळावा म्हणून आहे. निकाल द्यायला दोन्ही बाजूंना तीन-चार शाखा तरी हव्यात.

खर्च-फायद्याचा हिशोब

ट्रेनिंगच्या मोजमापाचे अमेरिकी अभ्यासक जॅक फिलिप्स यांनी कर्कपॅट्रिकच्या चारांवर ही पाचवी पातळी जोडली. निव्वळ फायदा (फायदा वजा खर्च) भागिले खर्च, गुणिले १००. खर्च ४ लाख, फायदा ६ लाख, तर परतावा ५० टक्के. खर्चात ट्रेनरची फी धरतात, शिकणाऱ्यांचा पगार विसरतात: ४० जण, दोन दिवस, रोजी १,२०० रुपये, म्हणजे ९६,००० तिथेच गेले. फायद्यातला ट्रेनिंगचा वाटा फक्त अंदाजाने काढावा लागला तर त्याला कात्री लावतात. सुधारणा १० लाखांची, मॅनेजर म्हणतो ६० टक्के ट्रेनिंगमुळे, स्वतःच्या अंदाजाची खात्री ७० टक्के, तर धरायचे ४ लाख २० हजार. तरीही तो अंदाजच. मोठा, दरवर्षी होणारा कार्यक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा, एवढ्यासाठीच हा खटाटोप करावा.

लोक थोडे असतील तर

बारा-पंधरा जणांच्या बॅचवर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. तिथे याच विषयाचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची पद्धत बरी. चार-पाच प्रश्नांची छोटी पाहणी करून ज्यांना सर्वाधिक जमलं ते तिघे-चौघे आणि ज्यांना अजिबात नाही ते तिघे-चौघे निवडा, प्रत्येकाशी पाऊण तास बोला. ‘खूप फायदा झाला’ यावर समाधान मानू नका. बदललेली शीट, सुटलेली तक्रार दाखवायला सांगा. न जमलेल्यांकडे बरेचदा दोष ट्रेनिंगचा नसतोच: नव्या सॉफ्टवेअरचं लॉगिन मिळालेलं नसतं, किंवा सुपरवायझर म्हणतो, ‘ते राहू दे, आपल्या पद्धतीने कर.’ अशा ठिकाणी पुढची बॅच बुक करण्याआधी सुपरवायझरलाच अर्धा दिवस बसवा आणि लॉगिनचं काम मार्गी लावा.