शंकेच्या दिवसांत खिशातला नवा करार किती पुरतो?

भुसावळ, धुळे, नवापूर, कुठल्याही चर्चच्या पुस्तकांच्या टेबलावर ही छोटी प्रत दिसते: नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, आणि शेवटी जुन्या करारातली (पहिल्या भागातली) स्तोत्रसंहिता, शर्टाच्या खिशात मावेल एवढी. बाप्तिस्म्याला भेट म्हणूनही हीच देतात. इथे तिचा विचार एकाच वाचकासाठी केला आहे. ज्याचा विश्वास डळमळला आहे आणि चर्चच्या पाळकांना ते सांगायची ज्याची हिंमत होत नाही, त्याच्यासाठी.

त्याने पहिल्या पानावरच्या मत्तयाच्या वंशावळीपासून सुरुवात करू नये, प्रत शेवटाकडून उघडावी. स्तोत्र 13 अवघ्या सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं आणि मग पाचव्यात भरवसा. आधी तक्रार, तीही थेट देवाकडे. स्तोत्र 73 मध्ये वळण येतं ते 17 व्या वचनात, देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर. आधीची 16 वचनं घाईने ओलांडू नयेत, कारण दुर्जनांचं बरं चाललेलं पाहून होणारी जळजळ तिथे खरीखुरी मांडली आहे. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं. तरीही ते प्रार्थनांच्या ग्रंथात राहिलं, ही किती मोठी मुभा आहे! प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर यांतलं एकच स्तोत्र आठवडाभर रोज मोठ्याने वाचावं.

छोट्या प्रतीने एक वाईट सवयही लागते. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर मानायचं. शंकेतला माणूस असा नेमका याकोबाच्या पत्रातल्या 1:6 (अध्याय 1, वचन 6) वर पोचतो, जिथे संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा म्हटला आहे, आणि खचतो. देव दोष न लावता उदारपणे देतो, हे पाचवं वचन लगेच वर असतं, ते वाचायचं राहून जातं. म्हणून वचन कधी सुटं वाचू नये, निदान पूर्ण परिच्छेद तरी वाचावा.

शुभवर्तमानांतले, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांतले, तीन उतारे पेन्सिलीने खुणा करून ठेवावेत: मार्क 9:14–29, योहान 20:24–29 आणि मत्तय 11:2–11. तिसरा सर्वांत मोलाचा. ज्याने ख्रिस्ताची वाट तयार केली तो बाप्तिस्मा करणारा योहानच तुरुंगातून येशूला विचारायला पाठवतो, येणारे ते आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? प्रभू येशू रागावत नाही. जे पाहता-ऐकता ते जाऊन सांगा, म्हणतो, आणि मागाहून लोकांसमोर योहानाची थोरवी सांगतो. दुसरा उतारा येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचा, त्यात मंडळीने स्वतःकडे पाहावं. आठ दिवसांनीही तो शिष्यांमध्येच होता, त्याला कोणी बाहेर काढलं नव्हतं.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. या प्रतीत जुन्या करारातली बाकीची पुस्तकं नाहीत: ईयोब नाही, उपदेशक नाही, विलापगीत नाही, हबक्कूक नाही. कापसावर बोंडअळी पडली किंवा वादळात केळीची बाग आडवी झाली, की घरात जो प्रश्न उभा राहतो त्याला हबक्कूक 3:17–18 भिडतं. शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरीही देवाच्या ठायी आनंद. हे पुस्तक तीनच अध्यायांचं, तरी शेतकरी मंडळीच्या खिशातून तेच गळालेलं. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलू लागले आणि चुकले. भेटीला जाणाऱ्या मंडळीच्या वडीलजनांनी ईयोब 2:13 आणि 42:7 ही दोन वचनं जोडीने वाचून निघावं. त्यामुळे ही प्रत प्रवासासाठी घ्यावी, घरात संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) हवंच.

बांधणी बघूनच घ्यावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. नुसत्या गोंदाने चिकटवलेली प्रत गाडीच्या डिकीत राहिली की पाठ सुटते, आणि आधी स्तोत्रं निखळतात कारण ती शेवटी असतात. पाठीच्या वरच्या टोकाला घड्यांचे जुडगे आणि मधल्या घडीत दोरा दिसला तर शिवण आहे, ती घ्या. कागद पातळ असतो, जेल पेन मागे उमटतं. अक्षर बारीक असतं, चाळिशीचा चष्मा लागला असेल तर मोठ्या अक्षरांची प्रत मागा. काही छोट्या प्रतींत स्तोत्रसंहिता नसतेच, म्हणून पैसे देण्याआधी शेवटची पानं उघडून स्तोत्र 150 आहे का ते पाहा.