दोघांनाही ८४ टक्के : सायन्स, डिप्लोमा, कॉमर्स की आर्ट्स?

सोलापुरातली दहावी झालेली दोन मुलं घ्या, दोघंही राज्य मंडळाची. गुणपत्रिकेवर दोघांचेही ८४.०० टक्के. पहिल्याचे गुण : मराठी ७६, संस्कृत ७८, इंग्रजी ७४, गणित ९२, विज्ञान ९०, सामाजिक शास्त्रे ८४. दुसरीचे : मराठी ८६, संस्कृत ९५, इंग्रजी ८०, गणित ५८, विज्ञान ६७, सामाजिक शास्त्रे ९२. आकडे मी बनवलेत, पण अशी जोडी दर निकालाला एखाद्या तरी गल्लीत सापडते. 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मध्ये सहापैकी सगळ्यात कमी गुणांचा विषय टक्केवारीत धरत नाहीत. पहिल्याची इंग्रजी गळाली, दुसरीचं गणित. दोघांचेही ५०० पैकी ४२०.

प्रवर्ग एकच असेल तर अकरावीच्या गुणवत्ता यादीत हे दोघं शेजारी-शेजारी. सायन्सच्या ज्या वर्गात त्याचा नंबर लागेल, तिथे तिचाही लागू शकतो. तिचं गणित यादीत कुठे दिसतच नाही. ते दिसतं अकरावीच्या पहिल्या चाचणीत, आणि तोवर फी भरून झालेली असते. म्हणून माझं सरळ मत असं, की टक्केवारी बघून कॉलेजची यादी करा आणि शाखा ठरवताना टक्केवारी झाकून विषयांचे गुण बघा.

ते बघतानाही एक वजाबाकी करा. गणितात लेखी ८०, अंतर्गत २०. विज्ञानात लेखी ८०, प्रात्यक्षिकाचे २०. ते वीस बहुतेक शाळा सढळ हाताने देतात. दुसरीचे ५८ म्हणजे लेखी परीक्षेत ८० पैकी जेमतेम ३८ ते ४०. पहिल्याचे ९२ म्हणजे ८० पैकी ७२ च्या पुढे. टक्के सारखे असले तरी अकरावीच्या गणिताला सामोरी जाणारी ही दोन फार वेगळी मुलं आहेत. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेचे किंवा खेळाचे वाढीव गुण मिळाले असतील तर तेही शाखा ठरवताना बाजूला ठेवा. यादीत ते कामाला येतात, फिजिक्सच्या वर्गात नाही.

पहिला : सायन्स की डिप्लोमा?

या मुलाला सगळे डोळे झाकून सायन्स सुचवतील, आणि चूक म्हणता येणार नाही. पण इंजिनिअरिंगच करायचं हे पक्कं असेल, तर दोन रस्ते शेजारी ठेवून बघायला हवेत.

सायन्सच्या रस्त्यावर दहावीच्या गुणांचं काम अकरावीच्या दारात संपतं. बारावीचे गुणही पुढे फक्त उंबरठ्यापुरते : राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०. जागा ठरते एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे राहिली त्यावर. जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटी (केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज) हवी असेल तर मात्र बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा मंडळातल्या वरच्या २० टक्के मुलांतलं स्थान लागतं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, प्रश्न मुख्यतः बारावीवरचे आणि साधारण वीस टक्के अकरावीवरचे. थोडक्यात, दोन वर्षांचं सगळं एका परीक्षेवर येऊन ठेपतं.

डिप्लोमात, म्हणजे दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पॉलिटेक्निकमध्ये, दहावीचे गुण सगळ्यात मोठं काम करतात. प्रवेश थेट त्यांच्यावर, सीईटी नाही. पात्रता ३५ टक्क्यांची असली तरी त्या गुणांवर चांगली जागा मिळेल या भ्रमात राहू नका. शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरसारख्या शाखेला गर्दी वरच्या गुणांचीच असते. तीन वर्षांनी डिप्लोमाच्या टक्क्यांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे दोन अधिक चार किंवा तीन अधिक तीन, वर्षं सहाच. 'डिप्लोमात वर्ष वाया जातं' असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना ही बेरीज दाखवा.

फरक दुसरीकडे आहे. डिप्लोमावाला जेईई, नीटच्या (मेडिकलची प्रवेश परीक्षा) शर्यतीतून जवळपास बाहेर पडतो, आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मर्यादित असतात : मंजूर जागांच्या दहा टक्के आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. नामांकित कॉलेजात त्या रिकाम्या फारशा राहत नाहीत. उलट अंगाने, मध्येच घरची अडचण आली तर हातात नोकरी मिळण्याजोगं काहीतरी असतं. नुसत्या बारावी सायन्सला बाजारात भाव नाही. मला विचाराल तर, रोज बसून सातत्याने अभ्यास करणारा पण एका परीक्षेच्या दडपणाखाली गळपटणारा मुलगा असेल तर डिप्लोमा. अजून नक्की काय करायचं हे ठरत नसेल तर सायन्स.

दुसरी : सायन्स की कॉमर्स?

खरा पेच हिचा. '८४ टक्के पडले आणि कॉमर्स?' हे वाक्य तिला आत्या, मावशी, शेजारी सगळ्यांकडून ऐकावं लागणार. त्यावर आकड्यांनीच बोलू.

पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) घेऊन ती इंजिनिअरिंगकडे निघाली तर सीईटीच्या २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०. तिचा सगळ्यात कच्चा विषय निम्म्या परीक्षेवर बसलेला. मग घरात तोडगा निघतो : 'गणित सोडू, बायोलॉजी घेऊ.' गणिताऐवजी भूगोलासारखा विषय घेऊन पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) करता येतं, खरं. पण नीटच्या ७२० पैकी १८० गुण फिजिक्सचे आहेत, आणि फिजिक्समधून गणित काही वजा होत नाही. नर्सिंग, फार्मसी, कृषी हे रस्ते पीसीबीला उघडे असतात. त्यातलं एखादं तिला मनापासून हवं असेल तर पीसीबी घ्यावं. नुसतं 'सायन्स' म्हणवून घ्यायला नको.

कॉमर्सला दारातून आत जाणं सोपं. सायन्सपेक्षा कट-ऑफ सहसा खाली असतो, त्यामुळे ८४ वर तिला शहरातल्या जुन्या, अनुदानित कॉलेजात निवड करता येईल. सायन्सला कदाचित याच टक्क्यांवर विनाअनुदानित तुकडी पदरात पडेल. आत गेल्यावर बुक-कीपिंग, ओसी (वाणिज्य संघटन), एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती), अर्थशास्त्र, शिवाय भाषा. गणित ऐच्छिक. वाचून, समजून, नीटनेटकं लिहिणाऱ्या मुलीला हे विषय मानवतात.

पण कॉमर्समध्ये गणितापासून कायमची सुटका आहे असं तिला कुणी सांगू नये. सीए फाउंडेशनच्या (चार्टर्ड अकाउंटंट होण्याची पहिली परीक्षा) चार पेपरांपैकी एक १०० गुणांचा पेपर व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे, निगेटिव्ह मार्किंगसह. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. ते गणित सायन्सइतकं खोल नाही, इतकंच. बीबीए, बीसीए, बीएमएसलाही २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. साधं बी.कॉम. मात्र अजून बारावीच्या गुणांवरच चालतं, त्यामुळे इथे बारावीचे टक्के खरोखर कामाला येतात.

'सायन्स घेतलं की नंतर कुठेही जाता येतं' हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. सायन्सनंतर बी.कॉम., बी.ए., लॉ सगळं करता येतं, कॉमर्सवरून सायन्सला परतता येत नाही. पण बारावी सायन्सला ५२ टक्के पडले तर त्या उघड्या दारांतून ती ५२ घेऊनच आत जाते. कॉमर्सला ८० पडण्याची कुवत असताना.

आर्ट्सचं नाव घरात कुणी काढणार नाही म्हणून मीच काढतो. तिचे भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे गुण बघा : ८६, ९५, ९२. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला शाखेची अट नाही, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि लॉची सीईटी एवढंच. एमपीएससी, यूपीएससीला पदवी कुठलीही चालते. आर्ट्सला गुणांचा दबाव नसतो, आणि तोच धोका आहे : दोन वर्षं कुणी हटकत नाही. स्वतःहून वाचणारी मुलगी असेल तर जरूर.

टक्के वर गेले किंवा खाली आले तर

नव्वदच्या वर गेलं की अर्ध्या-अर्ध्या टक्क्यासाठी झटापट. गंमत अशी, की ज्या नावासाठी ती होते त्या कॉलेजात मुलगा नंतर बसतच नाही, दिवसभर क्लासला असतो. त्यापेक्षा प्रयोगशाळा खरोखर चालते का आणि हजेरी खरी लागते का, हे विचारून घ्या. लातूर, पुण्याकडे पाठवायचं तर खोलीभाडं, मेस आणि सोळाव्या वर्षी घराबाहेर राहणं हे हिशोबात धरा.

पन्नास-साठच्या आसपास आयटीआय विसरू नका. तिथेही दहावीचेच गुण, आणि दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता मिळतो. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर) अकरावी करता येते, पण राहिलेला विषय गणित असेल तर सायन्सचा हट्ट नको.

फॉर्म भरताना

२०२५-२६ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला, सोलापूरही त्यात आलं. त्याआधी कॉलेजा-कॉलेजातून फॉर्म आणून फलकावरच्या याद्या बघत फिरावं लागायचं. आता दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे 'बघू तरी लागतंय का' म्हणून पहिल्या ओळीत काहीही टाकू नका. एकाच कॉलेजची अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी वेगळी दिसते, फीत मोठा फरक असतो, ते वाचून क्रम लावा. मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघताना प्रवर्ग आणि फेरी दोन्ही जुळवा.

आपल्या शहरात घरोघरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत त्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा राखीव असतात, शिवाय व्यवस्थापन कोटा आणि त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीचा इन-हाउस कोटा. या जागा वेगळ्या भरल्या जातात, म्हणून सर्वसाधारण यादीतला कट-ऑफ बघून निराश होण्याआधी संस्थेत जाऊन चौकशी करा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) यांचे अर्ज निकालाआधीच सेतू केंद्रात टाका, निकालानंतर तिथे रांग लागते. दुसरीच्या घरच्यांसाठी आणखी एक : ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. 'मुलीवर एवढा खर्च कशाला' म्हणत कोणी तिला स्वस्तातली शाखा सुचवत असेल, तर आधी हा नियम त्यांच्यासमोर ठेवा.