बाक, वाट आणि पालापाचोळा: बागेसाठी काय निवडाल?

सार्वजनिक बागेचं नूतनीकरण निघालं की सगळ्यात आधी तयार होते ती नव्या खरेदीची यादी. बाक, वाटा, दिवे, कचराकुंड्या. आणि हल्ली यातल्या प्रत्येक वस्तूच्या माहितीपत्रकावर 'पर्यावरणपूरक' असं छापलेलं असतंच. निवड तुमच्याकडे असेल, तर त्या शब्दाआधी दोन गोष्टी विचारा. ही वस्तू मोडली तर बागेतला माणूस ती दुरुस्त करू शकेल का? आणि निकामी झाली की ती जाणार कुठे?

बाकांचंच घ्या. साधारण तीन पर्याय समोर येतात: लाकूड, पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकच्या फळ्या आणि काँक्रीट.

प्लास्टिकची फळी कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही, दर दोन-तीन वर्षांनी रंग लावायला नको. तळ्याकाठी, कायम ओल असलेल्या जागी मी तीच निवडेन. पण ती बसवणाऱ्याला तिचा स्वभाव माहीत हवा. दोन मीटरची फळी पहाटेच्या गारव्यापासून भर उन्हापर्यंत तीस अंश तापली, तर सहा-सात मिलिमीटरने लांबते. लाकडाची तेवढीच फळी अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. सुताराने सवयीने बोल्टाच्या मापाचं गोल भोक पाडलं आणि दोन्ही टोकं घट्ट आवळली, की फळी कमानीसारखी वर येते नाहीतर बोल्टापाशी तडकते. एका टोकाला लांबट भोक ठेवलं तर ती मोकळी सरकते. दुसरी अडचण सावकाश उघड होते: सतत वजन पडलं की या फळीला झोळ पडतो, म्हणून खालचे आधार लाकडापेक्षा जवळजवळ घ्यावे लागतात. कापताना पडलेला भुसाही गोळा करून न्यायला हवा, नाहीतर तो मातीत कायमचा राहतो. शिवाय निव्वळ एका जातीच्या प्लास्टिकची फळी पुन्हा वितळवता येते. लाकडाचा भुसा किंवा काचतंतू मिसळलेली फळी मात्र पुढे बहुधा कचऱ्यातच जाते. माहितीपत्रकात घटक लिहिलेले नसतील तर लेखी मागा.

लाकडाच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते कुठेही दुरुस्त होतं. एक पट्टी मोडली तर एकच बदला. त्याची खरी परीक्षा ते कुठून आलं यावर आहे. जंगलं जबाबदारीने सांभाळली जातात का हे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या, १९९३ साली स्थापन झालेल्या एफएससी या संस्थेचं चिन्ह बऱ्याच जणांच्या ओळखीचं आहे, पण त्यावर '१००%' आहे की 'मिक्स', हे नीट पाहावं. 'मिक्स' म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं असेलच असं नाही. आणि नुसत्या चिन्हावर भागवू नका: पुरवठादाराच्या बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मालाचा प्रकार लिहिलेला हवा. जुनं लाकूड स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक काळजी घ्या. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकने मुरवलेलं लाकूड पूर्वी सर्रास वापरलं जाई. अमेरिकेत घरगुती वापर आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांसाठी ते बनवणं २००३च्या अखेरीस थांबलं. अशा लाकडाचा बाक करू नका, भुगा करून झाडांखाली पसरू नका आणि ते कधीही जाळू नका.

काँक्रीटचा बाक दणकट असतो, पण जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. चुनखडी भट्टीत भाजताना ती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे भट्टीचं इंधन बदलूनही सगळा प्रश्न सुटत नाही. पुराचं पाणी शिरतं अशा जागीच मी काँक्रीटचा विचार करेन, आणि तेव्हाही सिमेंटचा काही भाग कोळशाच्या वीजकेंद्रातल्या राखेने किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतल्या मळीने बदललेला मागेन.

या तिघांच्याही आधी चौथा पर्याय येतो: आहे तो बाक. ओतीव लोखंडाचा सांगाडा शाबूत असेल तर तो घासून, रंगवून त्यावर नव्या पट्ट्या बसवाव्यात. जुन्यात किती ताकद असते हे जर्मनीत दुईसबुर्गला दिसतं. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला, आणि पेटर लाट्स या रचनाकाराने तो न पाडता त्याची बाग केली. कारखान्यातलेच ४९ लोखंडी पत्रे चौकाच्या फरशीसाठी वापरले आहेत.

वाटांच्या बाबतीत सच्छिद्र काँक्रीटचं आकर्षण सगळ्यांना असतं. त्यात साधारण पंधरा ते पंचवीस टक्के पोकळी असते आणि पाणी सरळ खाली जिरतं. पण दाट झाडीखाली कुजलेला पाला आणि माती त्या पोकळीत बसते, आणि यंत्राने ओढून साफ केली नाही तर वाट साध्या काँक्रीटसारखीच वागू लागते. सफाईची तरतूद नसेल तर तिथे दाबलेली बारीक खडी बरी. ती मुळांना श्वास घेऊ देते आणि फावड्याने दुरुस्त होते. मुख्य वाट मात्र टणकच हवी, उतार वीसाला एकपेक्षा जास्त नको. चाकाची खुर्ची खडीत रुतत असेल तर ती बाग सगळ्यांची राहत नाही.

पालापाचोळ्याबद्दल मला जराही शंका नाही: तो ट्रकने बाहेर पाठवू नये. कचराभूमीत दाबला गेला की त्यातून मिथेन निघतो, आणि मग आपण खत बाहेरून विकत आणतो. बागेतच खत करायला निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा तीन खणांत काम भागतं. वाळक्या पाल्याचे दोन-तीन थर, एक थर हिरवं गवत, पिळलेल्या फडक्याइतकी ओल. ढीग पंचावन्न अंशांवर तीन दिवस राहिला की तणाचं बहुतेक बी मरतं. ढीग वरखाली करताना बाहेरचा भाग आत घ्या, म्हणजे त्यालाही तेवढी ऊब मिळते. कापलेलं गवत तर उचलायलाच नको, हिरवळीवरच राहू द्या. जागा अगदीच अपुरी असेल तर पाला झाडांखाली पाच-सात सेंटीमीटर पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका.

निविदा लिहिताना लेबलांचा फरक लक्षात ठेवा. आयएसओ १४०२४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दिलेलं लेबल तिसऱ्या पक्षाने तपासलेलं असतं. १४०२१खाली उत्पादक स्वतःच दावा करतो. दुसरा प्रकार खोटा असतो असं नाही, पण त्याला पुरावा जोडायला सांगा. त्याच कागदात आणखी तीन अटी घाला: माल परत येणाऱ्या वेष्टनात यावा, सुट्या पट्ट्या आणि बोल्ट पुढची दहा वर्षं मिळावेत, आणि निकामी फळ्या पुरवठादाराने परत न्याव्यात. या अटींना नकार देणाऱ्याची किंमत कमी असली तरी माझी पसंती पुढच्याला असेल.